घरीच होतो, मॅडम

२०२४च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दापोलीतल्या एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही मुलांच्या सरावाच्या मुलाखती घेत होतो. मुलं त्याला नुसतं 'मॉक' म्हणतात. तीन बाकं जोडून टेबल केलेलं, त्यावर कुणाच्या तरी घरून आणलेली चादर. अलीकडे रसायनशास्त्राचे सर आणि मी, पलीकडे एकटी खुर्ची. खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड मोहोरानं लगडलेलं होतं आणि वारा आला की तो तुरट-गोड वास थेट वर्गात यायचा. दाराबाहेर मुलं रांगेत उभी होती. आत यायच्या आधी प्रत्येक जण खाली बसून काहीतरी करत होता. तिसऱ्या-चौथ्या मुलाच्या वेळी माझ्या लक्षात आलं की काळ्या बुटांचा एकच जोड आहे आणि तो दारातच पायातून पायात जातोय. कुणाला घट्ट, कुणाला ढिला. एक जण आत येताना टाच उचलून उचलून चालत होता. मी पुढच्या मुलांच्या पायांकडे बघणंच सोडून दिलं.

तो साधारण अकराव्या नंबरला आला. दापोलीजवळच्या मुरुडच्या बाजूचा, बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाचा, अंगानं काटक. हात गुडघ्यांवर ठेवून बसला, तेव्हा त्याच्या तळव्यांच्या कडेला जुनी, टणक झालेली कातडी दिसली. सरांनी विस्थापन अभिक्रियेबद्दल विचारलं. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली, लोखंड तांब्याला बाजूला सारतं इथपर्यंत आला आणि 'बिकॉज'वर अडकला. सर थांबले, मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळले. मग माझी पाळी. त्याच्या बायोडेटावर बारावी २०२० आणि प्रथम वर्षाचा प्रवेश २०२१. मुलाखत घेणाऱ्याची नजर अशा जागी आपोआप जाते. मी विचारलं, "मधलं एक वर्ष काय करत होतास?"

"काही नाही, मॅडम. घरीच होतो."

मी माझ्यासमोरच्या फॉर्मवर लिहिलं, 'गॅप. उत्तर तयार नाही.' आणि त्याला समजावलं, "असं 'काही नाही' कधी म्हणायचं नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो म्हण. बरेच जण तेच सांगतात, खोलात कुणी जात नाही." त्यानं खिशातून लहान वही काढून ते उतरवून घेतलं. 'थँक यू मॅडम' म्हणून उठला आणि दाराबाहेर जाऊन बूट काढले. त्या दिवशी आम्ही सव्वीस मुलं बघितली. संध्याकाळी घरी येऊन चहा टाकला, तेव्हा मला बाकीच्या पंचवीस जणांतलं फारसं काही आठवत नव्हतं. हाच एक डोक्यात राहिला होता. त्याचं उत्तरही नव्हे, त्याच्या वहीतलं माझं वाक्य. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला मी खोटं सांगायला शिकवलं होतं, तेही मदत म्हणून, आणि त्यानं ते अभ्यासाच्या नोंदीसारखं लिहून घेतलं होतं.

आमच्या किनाऱ्यावर हे 'काही नाही' पदोपदी ऐकू येतं. पडवीत बसून झाप विणणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा काय चाललंय, तो म्हणेल, काही नाही, बसलोय. हर्णैच्या बंदरात जाळ्याची भोकं सांधणारा म्हणेल, काही नाही, बोट नाय गेली ना आज. दिवसभर पाटाचं पाणी या आळ्यातून त्या आळ्यात फिरवणारी बाई म्हणते, काही करत नाही, वाडीतच असते. ज्याचा पगार नाही आणि ज्यासाठी डबा घेऊन एसटी पकडावी लागत नाही, ते काम मोजायची आमच्याकडे पद्धतच नाही. गिरणीत गेला तो कामाला लागला, मुंबईला गेला तो मार्गाला लागला. मागे राहिला तो घरी असतो. माझे आजोबा ८२च्या संपानंतर परळहून परत आले आणि पुढची वीस वर्षं त्यांनी कातळ फोडून त्यावर माती टाकून कलमं उभी केली. त्या सगळ्या काळाला घरात 'आजोबा घरी बसले तेव्हापासून' असंच म्हणत.

मी स्वतः नोकरी शोधायला निघाले ते २००९ साली. मंदीचं वर्ष. बी.कॉम. झालेली, फर्स्ट क्लास, हातात एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट. दापोलीहून रात्रीची एसटी पकडायची, पहाटे मुंबईत उतरायचं, स्टँडवर तोंड धुवायचं, डोंबिवलीला मामाकडे जाऊन कपडे बदलायचे आणि पुन्हा लोकल पकडून मुलाखतीला. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत तेव्हा सर्रास छापलेलं असायचं, मध्य रेल्वेमार्गावर राहणाऱ्या उमेदवारांना प्राधान्य. माझ्या बायोडेटावर मुक्काम पोस्ट, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी होतं. चार ठिकाणी 'कळवतो' ऐकल्यावर मामानं सुचवलं की आमचाच पत्ता घाल. मी घातला. मग तो पत्ता खरा वाटावा म्हणून डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकल पाठ केल्या, कुठली फास्ट, कुठली स्लो, कुठल्या फलाटावर येते. मुलाखतीत खरोखरच विचारलं, नऊला ऑफिसात पोचाल का? मी लोकलची वेळ मिनिटासकट सांगितली. नोकरी लागली.

मग आला भाद्रपद. पाच दिवसांची रजा मागायला गेले, तर साहेबांनी फाइल उघडली. "डोंबिवलीच्या गणपतीला पाच दिवस कशाला हवेत?" त्यांनी साधेपणानं विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दिलं तर आधीचं उत्तर खोटं पडत होतं. दीड दिवसाची रजा मिळाली. त्या वर्षी चाकरमान्यांनी खच्चून भरलेल्या गाड्या कोकणात जात होत्या आणि मी मामाच्या गॅलरीत उभी होते. आईनं फोन कानाला लावून मला आरती ऐकवली. झांजांच्या आवाजात आईचा आवाज सापडत नव्हता.

याहून जड गोष्ट पुढची आहे आणि ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. चार-पाच वर्षांनी त्याच ऑफिसात मी भरतीच्या कामाला आले. अर्ज चाळून साहेबांपुढे पंधरा-वीस ठेवायचे, एवढंच काम. एकदा मंडणगड तालुक्यातल्या एका मुलाचा अर्ज आला. मार्क चांगले, अक्षर सुरेख, पत्ता खरा. जुलै महिना होता. मी तो हातात धरला आणि मनात आलं, दोन महिन्यांत रजा मागेल. अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. त्या मुलानं कुणाचा तरी डोंबिवलीचा किंवा विरारचा पत्ता घातला असता, तर तो माझ्या हातून वर गेला असता. आमच्याच मुलुखातली मी, आणि गाळणी झाले होते.

२०२१ला मी कायमची परत आले. कारणं घरगुती होती. इथे आल्यावर एका ओळखीच्या प्राध्यापकांनी विचारलं, मुलांच्या मुलाखतींची तयारी घ्याल का, तुम्ही दोन्ही बाजूंना बसला आहात. तेव्हापासून घेते. कंपन्यांच्या अटी एव्हाना मला पाठ आहेत: दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीत साठ टक्के, एकही विषय राहिलेला नको, शिक्षणात गॅप असला तर एका वर्षापर्यंत, आणि तोही कारणासकट. आधी कॉम्प्युटरवरची ॲप्टिट्यूड, मग तांत्रिक फेरी, मग एचआर. रसायनशास्त्राच्या मुलांना लोटे, महाड आणि तळोजा या औद्योगिक वसाहतींची तीन नावं गुहागर-चिपळूणइतकी जवळची. ट्रेनी केमिस्ट, क्वालिटी कंट्रोल, तीन पाळ्या. नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीतला फरक, टायट्रेशनला कुठला इंडिकेटर कधी, मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राचा कॉलम कसा सांभाळायचा, हे विचारतातच. याशिवाय मी एक गोष्ट दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते की नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं कुरिअर, नाव काहीही असो. तरीही दर वर्षी एखादा बाप खोट्या ऑफर लेटरची झेरॉक्स घेऊन येतो, घडी घालून घालून कागद मऊ पडलेला असतो, आणि विचारतो, मॅडम, ह्याच्यावर शिक्का आहे ना?

गेल्या वर्षीच्या जुलैत एका मुलीची व्हिडिओवर मुलाखत होती. हल्ली कधीकधी समोर माणूसच नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, आकडे उलटे मोजले जातात आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं. तिच्या वेळी निदान माणूस होता. तिच्या वाडीत रेंज नाही म्हणून ती सड्यावर, वरच्या कातळपठारावर, काकांच्या मांगरात बसली होती. वर पत्रा, आणि वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या तालुक्यातला जुलै. पाऊस पत्र्यावर असा कोसळायला लागला की तिला समोरच्याचं आणि समोरच्याला तिचं ऐकू येईना. नंतर ती मला सांगत होती, "मॅडम, मी त्यांना चार वेळा सॉरी म्हटलं." कशाबद्दल, म्हटलं. "पावसाबद्दल." तिची नोकरी झाली की नाही हा भाग वेगळा, झाली पुढे, पनवेलला. पण पावसाबद्दल माफी मागणारी ती मुलगी माझ्या मनातून जात नाही. ज्या पावसावर तिच्या घरचं भात उभं असतं त्याच्याबद्दल तिनं चार वेळा सॉरी म्हटलं, आणि ते नम्रपणे कसं म्हणायचं हे कदाचित मीच शिकवलं असेल.

त्या मॉकनंतर मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुरुडला आत्याकडे गेले. दापोलीहून आसूदच्या उतारावर गाडी आली की हवा बदलते. सड्यावरचं रखरखीत ऊन संपतं आणि पोफळींच्या सावलीचा ओलसर गारवा अंगावर येतो. निदान २०२०पर्यंत तसंच होतं. आता सावलीत मोठमोठी भोकं आहेत. आत्या ऐंशीच्या घरातली, एकटी राहते. आतेभाऊ विरारला. मी गेले तेव्हा ती पडवीत बसून सुपारी सोलत होती, बाजूला एक दोनशे पानी वही उघडी. वाणसामानाचा हिशेब वहीच्या मागच्या पानांवर होता. सहज पुढची पानं उलटली आणि थांबले. निळ्या शाईत, पट्टीनं आखलेले रकाने. घराचं नाव, सातबाऱ्यावरची नावं, त्यांतले मुंबईत कोण, पोफळ मोडलेली, पोफळ मुळासकट पडलेली, नारळ, आंबा, कौलं, वासे. बेचाळीस घरं. प्रत्येक पानाच्या खाली बेरीज आणि ती पुढच्या पानावर ओढलेली. अक्षर मी ओळखलं. आदल्याच महिन्यात ते एका बायोडेटावर बघितलं होतं.

"हे कुणी लिहिलं गो, आत्या?"

"त्या आमच्या शेजारच्या पोरानं. वादळानंतर त्यानंच मोजलीन सगळी झाडं. घरोघर फिरलान, पाऊस डोक्यावर. तलाठी आले तेव्हा ही वहीच पुढे केलीन." आत्यानं आडकित्त्यातली सुपारी बाजूला ठेवली. "माझी एकशे साठ पोफळ गेली हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मी दारातनं बाहेर बघायला धजत नव्हते."

३ जून २०२०. मी त्या दिवशी डोंबिवलीत होते. निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं हे टीव्हीवर बघत होते आणि आत्याचा फोन लावत होते. टॉवर पडले होते, खांब पडले होते. नऊ दिवसांनी तिचा आवाज ऐकला आणि तीही दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून, चार वाक्यं. लॉकडाऊनमुळे निघता येत नव्हतं. वाडीत म्हातारी माणसं आणि बारावीचा निकाल लागायची वाट बघणारी दोन-चार पोरं. लाइट यायला काही वाड्यांत महिन्याहून जास्त गेला. भरपाई आधी हेक्टरवर होती आणि आमच्याकडे हेक्टर कुणाकडे आहे? चार-सहा गुंठ्यांत नारळ, पोफळ, जायफळ, मिरी, सगळं एकात एक. सातबाऱ्यावर वीस नावं, त्यांतली बारा मुंबईत, तीन वारलेली. पुढे भरपाई झाडावर द्यायचं ठरलं, नारळाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. म्हणजे झाडं मोजणं आलं. मुंबईच्या भावकीची संमतीपत्रं आली, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्सी आल्या, आणि झेरॉक्ससाठी दापोली आली, जिथे जायला गाडी नव्हती. हे सगळं त्या मुलानं केलं होतं. सकाळी आडव्या पडलेल्या पोफळी कोयत्यानं तोडून वाटा मोकळ्या करायच्या, दुपारी मोजदाद, संध्याकाळी रेंज मिळेल त्या दगडावर बसून विरार-नालासोपाऱ्याला फोन. प्रवेशाची तारीख निघून गेली तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरावर अजून ताडपत्री होती.

एका पोफळीला ५० रुपये. नवी लावली तर पहिलं शिंपुट, सुपारीचा घड, दिसायला पाच-सहा वर्षं.

मी त्याचं घर विचारलं. आत्या म्हणाली, तो काय वर आहे, बघ. वर म्हणजे खरंच वर. आमच्याच वाडीत, चाळीसेक फुटांवर, पोफळीच्या शेंड्याशी. पिकलेलं शिंपुट कापून दोरानं खाली सोडलं. मग त्यानं झाडाला हलकेच झोका दिला, झाड वाकलं, दुसरं हाताशी आलं आणि तो त्यावर गेला. खाली न उतरता. मी लहानपणापासून हे बघत आलेय, तरी प्रत्येक वेळी श्वास अडकतो. पाच-सहा झाडं अशी करून तो उतरला. मला बघून त्यानं आधी अंगावरचा शर्ट नीट केला.

"अरे, ही वही तुझी," मी म्हटलं, "आणि मला म्हणालास काही नाही केलं." तो हसला नाही. थोडा वेळ विरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिला. आत्यानं पाणी आणि गूळ दिला. मी विचारलं की उरलेली पोफळ कशी राखलीत, पावसात कोळेरोग येतो ना. मग तो बोलायला लागला. बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद रात्रीच भिजत घालायचं, चुना वेगळा विरघळवायचा, दोन्हीची भांडी प्लास्टिकची, लोखंडाचं भांडं अजिबात नको. मग दोन्ही एकत्र ओतायची, आभाळासारखा निळा रंग येतो. "आणि बरोबर झालं का ते बघायला घासलेला कोयता बुडवायचा. पातं लाल झालं तर चुना कमी पडला. अजून चुन्याची निवळी घालायची, लाली धरायची थांबेपर्यंत. नाहीतर कोवळी सुपारी जळते."

"लाल का होतं?"

"तांबं बसतं ना, मॅडम. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं येतं." त्यानं हातातला कोयता उलटा करून दाखवला, जसं काही ते पात्यावर आत्ताच दिसणार होतं.

मी म्हटलं, सरांनी त्या दिवशी तुला हेच तर विचारलं होतं. तो जरा विचारात पडला. "हो. पण ते अभ्यासातलं होतं."

मला भरून आलं होतं आणि त्या भरात मी बोलत सुटले. मुलाखतीत हे सांग, म्हटलं. वहीचं सांग. बेचाळीस घरांची माहिती गोळा केलीस, बेरजा जुळवल्यास, तलाठ्यासमोर उभा राहिलास, याला बाहेर केवढी मोठमोठी नावं आहेत. स्पर्धा परीक्षेचं खोडून टाक. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, लोट्याच्या कंपन्यांना जवळच्या गावातली मुलं आधीच नको असतात. लावणीला दांडी मारतात, गणपतीला जातात, शिमग्याला जातात, घरी कुणी आजारी पडलं की जातात. बाग आहे, झाडावर चढतो, म्हाताऱ्यांची कामं करतो असं सांगितलं तर त्यांना वाटेल हा टिकणार नाही. आणि," तो थांबला, "खोटं नाही ना ते. वादळ आलं तर मी येणारच की."

यावर मी काय बोलणार होते? गठ्ठ्याच्या तळाशी गेलेला मंडणगडचा अर्ज मला त्या क्षणी त्याच्या जीर्ण कडांसकट दिसला. या मुलानं मुलाखत घेणाऱ्याचं मन माझ्याइतकंच अचूक ओळखलं होतं, फक्त टेबलाच्या त्या बाजूला कधीही न बसता. 'काही नाही' हे त्याचं अज्ञान आहे, त्याला स्वतःची किंमत कळत नाही, असं मी महिनाभर धरून चालले होते. तो ते विचार करून म्हणाला होता.

संध्याकाळी समुद्रावर गेले. ओहोटी होती, वाळू काळसर आणि घट्ट. मुरुडला आलं की अण्णांची, धोंडो केशव कर्व्यांची आठवण होतेच. सतराव्या वर्षी ते सहावीच्या परीक्षेसाठी इथून साताऱ्याला चालत गेले, भर पावसात, सह्याद्री चढून, सुमारे ११० मैल. आणि तिथे पोचल्यावर समितीच्या प्रमुखांनी त्यांना बसूच दिलं नाही, कारण ते सतरा वर्षांचे दिसत नव्हते. अंगानं लहान होते. ही गोष्ट आम्हाला शाळेत चिकाटीचा धडा म्हणून सांगत. मीही मुलांना सांगत आले. त्या संध्याकाळी मात्र मला नुसती परतीची वाट दिसत होती. पाय सुजलेले, कपडे ओले, आणि घरी विचारतील त्यांना काय सांगायचं? पुढे ते कोण झाले हे आपल्याला ठाऊक आहे. घाट उतरणाऱ्या त्या मुलाला ते ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं की जो चालत आला तो समोर उभा असताना त्यांनी फक्त तो केवढा दिसतो ते बघितलं. एखाद्या अर्जावरचा पत्ता बघावा तसं.

परीक्षा झाल्या. मे उजाडला. मुलाला लोट्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. मी त्याची आणखी दोनदा तयारी घेतली, बुटांसाठी त्याच्या मापाचा जोड एका भाच्याकडून आणून दिला, आणि गॅपचा विषय मुद्दाम काढला नाही. शेवटच्या दिवशी निघताना एवढंच म्हटलं, त्या वर्षाबद्दल तुला वाटेल ते सांग. दोन्ही खरंच आहे असं समज. असं म्हटल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण दोन्ही खरं नव्हतं. तो 'हो मॅडम' म्हणाला.

मुलाखत मेच्या शेवटच्या आठवड्यात होती. तो पहाटेच्या गाडीनं मुरुडहून निघाला, खेडला बदलून हायवेवर उतरला. दुपारी दोनच्या सुमाराला फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न, वाऱ्याचा घोंघाट. लोट्याच्या त्या फाट्यावर एक आंबट, घशाला लागणारा वास कायम असतो. त्याचा आवाज ऐकताना तो वास मला इथे बसून आला. त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. तिघं जण होते. टायट्रेशन विचारलं, ते आलं. पीएच विचारला, आला. शिफ्टला तयार का, हो म्हटलं. "आणि ते विस्थापनाचं पण विचारलं, मॅडम. मी पुस्तकातलं खिळ्याचं उदाहरण दिलं, मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकतात ते. कोयत्याचं नाही सांगितलं. पण सांगताना कोयताच डोळ्यांपुढे होता, म्हणून या वेळी बिकॉजवर नाही अडकलो."

"आणि गॅप?"

"तुम्ही सांगितलं होतं तेच सांगितलं. स्पर्धा परीक्षा. पुढे काही विचारलं नाही." त्याच्या आवाजात समाधान होतं. एक अवघड जागा नीट पार पडली याचं साधं समाधान. "कळवतो म्हणालेत. आठ दिवसांत."

मी म्हटलं, छान झालं. खरंच छान झालं होतं. फॉर्मचा तो फेब्रुवारीचा गठ्ठा माझ्या टेबलावर तसाच होता. त्यातला त्याचा कागद मी वर काढून ठेवला होता आणि 'उत्तर तयार नाही' या माझ्या शब्दांवर माझा हात होता. फोनमध्ये एसटी थांबल्याचा आवाज आला, कंडक्टरनं काहीतरी ओरडून विचारलं, तो 'खेड, खेड' म्हणाला. मला वाटलं फोन ठेवला. तो पुन्हा बोलायला लागला, घाईत.

"मॅडम, एक काम होतं. आत्याबाईंना आज रात्री मोरचूद भिजत घालायला सांगाल का? त्यांचा फोन लागत नाहीये. पाऊस वेळेवर येणार म्हणतात, त्याआधी पहिली फवारणी व्हायला हवी. मी उद्या सकाळी सहाला येतो. आणि प्लास्टिकच्या बादलीत घाला म्हणावं, गेल्या वर्षी त्यांनी पिंपात घातलं होतं."